नेट स्लो नव्हतं, आपण रिस्टार्ट करत होतो

प्रॅक्टिकल परीक्षेची आमची बॅच सकाळी दहाची होती. लॅबच्या दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसीचा गारवा, भिंतीवर चिकटवलेली सीट नंबरची यादी. टीवायच्या प्रॅक्टिकलला असतं तसंच सगळं. आपापल्या नंबरच्या पीसीसमोर बसलो, बटण दाबलं, रोल नंबर आणि पासवर्ड टाकला. तीसपैकी निम्म्याहून जास्त स्क्रीनवर एकच मेसेज आला. डोमेन उपलब्ध नाही, लॉगिन होणार नाही, असा त्याचा अर्थ.

प्रश्नपत्रिका सर्व्हरवर, आमचे फोल्डरही सर्व्हरवर. लॉगिन नाही तर हातात काहीच नाही.

'नेट स्लो आहे,' मागून कोणीतरी म्हणालं. 'रिस्टार्ट करा,' सर म्हणाले. केलं. पुन्हा तोच मेसेज. परत रिस्टार्ट. एक्स्टर्नल घड्याळाकडे बघत होते, कारण साडेबाराला पुढची बॅच उभी राहणार होती. कुणाचं पाच मिनिटांत सुरू झालं, माझं बारा मिनिटांनी. माझ्या शेजारच्या मैत्रिणीने तर घाबरून चार वेळा रिस्टार्ट केलं आणि तिची वीस मिनिटं गेली. तिचा शेवटचा प्रोग्रॅम अर्धाच राहिला. वर्षभर आम्हाला तोच प्रोग्रॅम शिकवणारी ती. जादा वेळ मिळाला नाही.

परीक्षेनंतर अपेक्षेप्रमाणे अर्ज तयार झाला. 'कॉलेजचं इंटरनेट अत्यंत स्लो आहे, प्लॅन दुप्पट स्पीडचा घ्यावा.' खाली साठ सह्या, त्यात माझीही. आता तो अर्ज आठवला की लाज वाटते. टीवायला पोहोचलेल्या, कॉम्प्युटर नेटवर्क हा विषय पास झालेल्या साठ जणांपैकी एकाच्याही डोक्यात एक साधा प्रश्न आला नाही. लॉगिन तपासणारा सर्व्हर शेजारच्या खोलीत आहे. आपला पासवर्ड तपासून घ्यायला इमारतीच्या बाहेर जायचंच नाहीये. मग इंटरनेटच्या प्लॅनचा इथे संबंध काय? बाहेरची लाइन त्या दिवशी पूर्ण बंद असती, तरी लॉगिन व्हायला हवं होतं.

माझं म्हणणं तेच आहे. 'नेट स्लो आहे' ही तक्रारच नाही, तो एक सुस्कारा आहे. स्पीड कमी असणं वेगळं आणि सुरुवातीला थांबून राहावं लागणं वेगळं. नळाला पाणी बारीक येतंय, की नळ उघडल्यावर दोन मिनिटांनी धो धो येतंय, यात आपण घरी कधी गल्लत करत नाही. कॉम्प्युटर समोर आला की मात्र दोन्हीला 'स्लो' म्हणतो आणि जास्त एमबीपीएसचा प्लॅन मागतो.

प्रकरण उलगडायला सुरुवात झाली ती लॅबमधल्या मामांमुळे. परीक्षा संपल्यावर प्रोजेक्टसाठी आम्ही तिघं लॅबमध्ये बसायचो. पीसी सुरू केला की लॉगिन व्हायचं, पण सर्व्हरच्या ड्राइव्हवर लाल फुली यायची. दोन-चार मिनिटांनी ती आपोआप जायची. एकदा मामा सहज म्हणाले, 'सुट्टीत ते नवीन एसएसडी बसवले ना, तेव्हापासून चाललंय हे.' आम्ही हसलो. एसएसडीने पीसी फास्ट होतो मामा, स्लो नाही! मामा काही बोलले नाहीत. पण डोक्यात किडा वळवळत राहिला, कारण तारीख जुळत होती. आधीच्या सेमिस्टरला हे होत नव्हतं.

मग आम्ही मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बसलो. एवढंच केलं, आणि मला वाटतं अर्धं काम तिथेच झालं. बटण दाबल्यापासून लॉगिन स्क्रीन यायला पंधरा-वीस सेकंद. लगेच लॉगिन केलं, काळी खिडकी उघडून आयपीकॉन्फिग टाइप केलं. पत्ता आला १६९.२५४ ने सुरू होणारा. काही मिनिटांनी पुन्हा बघितलं तर कॉलेजचा नेहमीचा, १० ने सुरू होणारा. त्यानंतर स्पीड टेस्ट घेतली तर स्पीड भरपूर. साइन आउट करून परत आत आलो तर ड्राइव्ह झटक्यात उघडला. पूर्ण रिस्टार्ट केलं की पुन्हा रडगाणं. म्हणजे गडबड स्पीडमध्ये नव्हती, फक्त सुरुवातीच्या त्या एक-दोन मिनिटांत काहीतरी अडत होतं.

१६९.२५४ हा आकडा डोळ्यांसमोर आला की काय समजायचं, हे पुस्तकात आहे. नेटवर्कवर आलेला पीसी आधी ओरडून विचारतो, 'मला कोणी पत्ता देईल का?' डीएचसीपी सर्व्हर त्याला पत्ता देतो. या देवाणघेवाणीचे चार टप्पे डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, अ‍ॅकनॉलेज, म्हणजे आपला 'डोरा'. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगू. पीसीने विचारलं आणि कोणीच उत्तर दिलं नाही, तर तो स्वतःच १६९.२५४ मधला एक कामचलाऊ पत्ता लावून घेतो. त्यामुळे तो आकडा म्हणजे पीसीची लेखी साक्ष आहे, की मी विचारलं होतं, मला उत्तर मिळालं नाही. आणि एकदा असं झालं की विंडोज पुढची विचारणा साधारण पाच मिनिटांच्या अंतराने करतं. काही सेकंदांच्या चुकामुकीची शिक्षा काही मिनिटांची कशी होते, ते इथे कळलं.

पण डीएचसीपी सर्व्हर तर चालू होता. मग उत्तर का येत नव्हतं?

लॅबच्या कोपऱ्यात काचेच्या दाराचं एक कपाट आहे. त्यात स्विच, आणि स्विचवर प्रत्येक केबलचा एक दिवा. मामांनी आम्हाला तिकडे उभं केलं आणि पीसी रिस्टार्ट केला. त्या पीसीचा दिवा विझला, मग पेटला, पण हिरवा नाही, नारिंगी. मोजायला लागलो. तीस सेकंद गेले आणि दिवा हिरवा झाला. दुसरा पीसी, तिसरा पीसी, सगळीकडे तीस. मामा गेली कित्येक वर्षं तो नारिंगी दिवा बघत होते. त्याचं नाव त्यांना माहीत नव्हतं. आम्हाला नाव पाठ होतं, पण तो दिवा आम्ही एकदाही बघितला नव्हता.

त्याचं नाव स्पॅनिंग ट्री प्रोटोकॉल. रेडिया पर्लमन या अमेरिकन कॉम्प्युटर शास्त्रज्ञ बाईंनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये काम करताना तो शोधला. (त्यावर त्यांनी एक कविताही केली आहे. आपल्या सिलॅबसमध्ये ती घातली असती तर दोन मार्क तरी हसत मिळाले असते.) त्याचं काम असं. समजा कोणी चुकून एकाच केबलची दोन्ही टोकं स्विचमध्ये खोचली, किंवा दोन स्विच दोन केबलींनी जोडले, तर नेटवर्कमध्ये एक गोल तयार होतो. सगळ्यांसाठी म्हणून सोडलेला एखादा मेसेज त्या गोलात फिरत राहतो, त्याच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत पूर्ण लॅब आडवी होते. हे टाळायला स्विच प्रत्येक नव्या जोडणीकडे संशयाने बघतो. आधी पंधरा सेकंद नुसतं ऐकतो, की पलीकडे दुसरा स्विच तर नाही ना. पुढचे पंधरा सेकंद कोण कुठे आहे ते शिकतो. त्यानंतर रस्ता मोकळा. या तीस सेकंदांत पीसीने कितीही ओरडून पत्ता मागितला तरी स्विच ते पुढे जाऊच देत नाही. २००१ साली आलेली याची सुधारित आवृत्ती बरीच चपळ आहे, पण पलीकडे साधा पीसी आहे हे त्या पोर्टला सांगून ठेवलेलं नसेल, तर तिथेही बऱ्याचदा तेवढंच ताटकळावं लागतं.

आता मामांचं एसएसडीवालं वाक्य आठवा. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज उघडायला दीड-दोन मिनिटं लागायची. ते तीस सेकंद त्याच वेळात गुपचूप संपून जायचे. एसएसडी आल्यावर लॉगिन स्क्रीन पंधरा सेकंदांत समोर, आणि रस्ता अजून बंद. दोष पहिल्यापासून होता. पीसी वेगवान झाला आणि दोष उघडा पडला. मामा बरोबर होते. आम्ही हसलो होतो.

राहिला प्रश्न परीक्षेच्याच दिवसाचा. रोज लॉगिन व्हायचं, मग नेमकं त्या दिवशीच का नाही? याचं उत्तर सापडलं तेव्हा आम्ही तिघं अक्षरशः एकमेकांकडे बघत राहिलो. विंडोज त्या त्या पीसीवर लॉगिन केलेल्या शेवटच्या काही जणांची ओळख जपून ठेवतं. नेमकं सांगायचं तर बाय डिफॉल्ट दहा जणांची. सर्व्हरशी संपर्क झाला नाही, तरी ओळखीच्या माणसाला ते आत घेतं. रोज आपण आपल्या ठरलेल्या पीसीवर बसतो, त्यामुळे नेटवर्क तयार नसलं तरी आत जातो. फार तर ड्राइव्हवर लाल फुली दिसते, तिच्याकडे कोण लक्ष देतं! परीक्षेला मात्र सीट नंबरप्रमाणे भलत्याच पीसीवर बसलो. तो आपल्याला ओळखत नाही आणि सर्व्हरला विचारायचा रस्ता बंद. वर्षभर रोज होत असलेला बिघाड परीक्षेच्या सकाळी दिसला, तो असा.

आणि आम्ही काय करत होतो? रिस्टार्ट. प्रत्येक रिस्टार्टला जोडणी तुटायची, दिवा नारिंगी व्हायचा, घड्याळ पुन्हा शून्यावर. काहीही न करता हात बांधून बसलो असतो तर बहुतेक जण लवकर आत गेले असते. माझ्या मैत्रिणीची वीस मिनिटं नेटने नाही, आम्ही दिलेल्या 'अगं परत रिस्टार्ट कर' या सल्ल्याने खाल्ली. सल्ला देणाऱ्यांत मीही होते.

'पण विद्यार्थ्यांना स्विचला हात लावायची परवानगी कुठे असते?' हा प्रश्न रास्त आहे. नसतेच, आणि नसावीच. कारण स्पॅनिंग ट्री हे प्रकरण त्रासदायक आहे म्हणून कोणा उत्साही माणसाने ते बंद करून टाकलं, तर एका चुकीच्या केबलीने सगळं कॉलेज बसेल. मात्र दोष कुठे आहे हे दाखवायला परवानगी लागत नाही. मामांनी कपाटातून धूळ खाल्लेला पाच पोर्टांचा साधा स्विच काढला. तो भिंतीतली केबल आणि पीसी यांच्यामध्ये बसवला, एक मिनिट थांबलो आणि पीसी रिस्टार्ट केला. लॉगिन, ड्राइव्ह, सगळं लगेच. मोठ्या स्विचच्या दृष्टीने त्याची जोडणी तुटलीच नव्हती, कारण मधला छोटा स्विच चालूच होता. हा छोटा बिचारा असल्या चौकशा करत नाही. तो काढला, त्रास परत. लावला, त्रास गायब. तीन पीसींवर तीन-तीन वेळा करून आम्ही वेळा कागदावर लिहिल्या आणि तो अर्ध्या पानाचा कागद सरांना दिला.

नेटवर्क बघणारे बाहेरचे इंजिनीअर दोन दिवसांनी आले. ज्या पोर्टांना फक्त पीसी जोडलेले आहेत त्यांना त्यांनी तसं सांगून ठेवलं. सिस्कोच्या भाषेत याला पोर्टफास्ट म्हणतात. शिवाय, तिथे कधी चुकून दुसरा स्विच लागला तर पोर्ट स्वतःहून बंद होईल, अशीही सोय केली. चहा धरून अर्ध्या तासाचं काम. प्लॅन दुप्पट करायचा अर्ज मागे घेतला. ते पैसे शेवटी आपल्याच फीतून जाणार होते, आणि दुप्पट प्लॅन घेऊनही तो दिवा तीस सेकंद नारिंगीच राहिला असता.

आता जरा कडू बोलते. आमच्या जर्नलमध्ये 'नेटवर्किंग कमांड्सचा अभ्यास' नावाचं प्रॅक्टिकल आहे. आयपीकॉन्फिग, पिंग, ट्रेसरूट, आणि प्रत्येकाचं आउटपुट. आम्ही ते सीनियर्सच्या जर्नलमधून उतरवलं होतं, सीनियर्सनी त्यांच्या सीनियर्सच्या. परिणाम असा, की आमच्या वर्गातल्या साठही जर्नलमध्ये पीसीचा पत्ता एकच आहे. एका नेटवर्कमध्ये दोन पीसींचा पत्ता एक असू शकत नाही, हे त्याच जर्नलच्या पुढच्या पानावर थिअरीत लिहिलेलं आहे. साठ जर्नल तपासली गेली, सह्या झाल्या, व्हायवात सगळ्यांनी ओएसआयचे सात थर धडाधड म्हणून दाखवले. पाठांतराला माझा विरोध नाही, 'डोरा' पाठ होता म्हणूनच १६९.२५४ चा अर्थ लागला. पण लॅबमध्येच रोज एक जिवंत बिघाड घडत असताना आपण खोटं आउटपुट उतरवत बसायचं? सेमिस्टरमधलं एक प्रॅक्टिकल खऱ्या बिघाडाचं ठेवा. मामांच्या वहीतली कोणतीही एक तक्रार घ्या, चार जणांच्या ग्रुपला द्या आणि सांगा, दुरुस्त नका करू, फक्त कुठे अडतंय ते दाखवा.

यावर कॉमर्सचे मित्र म्हणतात, 'हे तुमचं, आमचा काय संबंध?' स्पॅनिंग ट्रीशी नाही, मान्य. घरच्या वायफायमध्ये हा प्रकार सहसा नसतोच. पण लॅपटॉप उघडल्यावर पहिली काही मिनिटं नेट मिळत नाही, ही रड तर सगळ्यांचीच आहे, आणि तिथेही आधी कस्टमर केअरला फोन लावण्यापेक्षा बघणं बरं. फोन त्याच वायफायवर लगेच चालतोय आणि लॅपटॉप नाही? मग कंपनीला शिव्या देऊ नका, गडबड लॅपटॉपकडे आहे. पत्ता १६९.२५४ चा असेल तर राउटरशी बोलणंच झालेलं नाही. पत्ता ठीक आहे, ८.८.८.८ ला पिंग केल्यावर उत्तर येतंय, पण एकही साइट उघडत नाही, तर बहुतेक नावाचा पत्ता शोधून देणारा डीएनएस अडलाय. आणि सगळं उघडतंय पण मुंगीच्या पावलाने, तर टास्क मॅनेजरमध्ये नेटवर्कच्या रकान्यावर क्लिक करून बघा कोण खातंय. माझ्या रूममेटच्या लॅपटॉपवर रोज सकाळी गॅदरिंगचे व्हिडिओ क्लाउडवर चढत होते, आणि ती तीन आठवडे रूमच्या वायफायला दोष देत होती. स्टार्टअपच्या यादीतून ते काढलं, संपलं.

आमच्या घरचा किस्सा तर याहून साधा. सुट्टीत घरी गेले की लॅपटॉपला सकाळी तीन मिनिटं नेट नसायचं. मी आयपीकॉन्फिग, पिंग, सगळी अस्त्रं बाहेर काढली. शेवटी लक्षात आलं, राउटर आणि लॅपटॉपचा चार्जर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर आहेत आणि रात्री झोपताना आई बोर्डाचं बटण बंद करते. सकाळी मी बटण दाबून लॅपटॉप उघडायचे, तेव्हा राउटर नुकता डोळे चोळत असायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, 'मग तू आधी चहा घे ना.'

बघायचं कसं, हे या सगळ्यात एकच होतं. वेळ मोजायची, चालणाऱ्या गोष्टीशी न चालणारी ताडून बघायची आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आम्ही आधी एकदा केबल, पोर्ट आणि पीसी तिन्ही एकदम बदलले होते. चाललं, पण कशामुळे ते कळलं नाही. दुसऱ्या दिवशी परत बंद.

मैत्रिणीचे मार्क काही वाढले नाहीत. तशी सोय नसते म्हणाले. पुढच्या बॅचची परीक्षा परवा झाली. दहा वाजता बटण दाबलं आणि दहा वाजून एक मिनिटाने सगळे प्रश्न वाचत होते, असं मामांनी सांगितलं. ते मुद्दाम घड्याळ लावून उभे होते. माझ्या जर्नलमध्ये तो उसना पत्ता मात्र अजून तसाच आहे, कारण त्यावर सही झालीये.